करंजी की थालीपीठ?

आमच्या हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर, खिडकीच्या खाली डाव्या अंगाला, गेल्या पावसाळ्यात एक डाग उमटला. आधी तळहाताएवढा होता. आषाढात ताटाएवढा झाला आणि श्रावण लागेपर्यंत सोफ्याच्या पाठीला टेकला. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला त्यात काही ना काही दिसायचं. नातीला ससा दिसला. मेहुण्यांना श्रीलंका दिसली. श्रीलंकेवरून त्यांना त्यांची सहल आठवली आणि ती ऐकण्यात आमचा एक अख्खा रविवार गेला. सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यात 'सभासदाचा अंतर्गत प्रश्न' दिसला. सौ.ला मात्र पहिल्या दिवसापासून त्या डागात मी दिसत होतो.

तिचं बरोबर होतं, पण ते सिद्ध व्हायला दसरा उजाडला.

चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात पाडला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही कोथरूड सोडून भुकूमला या छोट्याशा रो हाऊसमध्ये राहायला आलो. पौड रस्त्याने निघायचं, भूगाव ओलांडायचं (हे लिहायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा प्रत्यक्षात बराच जास्त लागतो), मानस तलाव मागे टाकायचा, की आलं भुकूम. पत्ता पुण्याचा, पाऊस मुळशीचा. पुण्याच्या वेधशाळेत वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पाऊस मोजला जातो. याच रस्त्याने पुढे जात राहिलं तर ताम्हिणीत पाच-सहा हजार मिलिमीटर सहज होतो. आम्ही मधल्या पायरीवर. कोथरूडचा पाऊस सभ्यपणे वरून खाली पडायचा. इथला डोंगरावरून आडवा येतो आणि बेल न वाजवता भिंतीला धडकतो. इथल्याच खाटपेवाडीच्या बाजूने रामनदी उगम पावते आणि बावधन, पाषाण, बाणेर करत औंधजवळ मुळेला मिळते. ज्या गावात जमिनीतून पाझरलेल्या पाण्याची नदी होते, तिथे भिंतीतून पाझरलेल्या पाण्याचा निदान डाग तरी होणारच, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

खरी गोष्ट त्याआधीच्या मे महिन्यातली. निवृत्त माणसाच्या हातात हत्यार देऊ नये. मी पिरंगुटला गेलो होतो दाराच्या बिजागरीचे चार स्क्रू आणायला. आलो तो सिलिकॉनच्या चार नळ्या आणि ती दाबायची गन घेऊन. स्क्रू राहिले. गन हातात धरल्यावर जे वाटतं ते सांगून कळायचं नाही. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या माणसाला अचानक त्या बुजवायचा अधिकार मिळाल्यासारखं वाटतं.

मराठीत फटीला इतके शब्द का आहेत, हे मला त्या आठवड्यात कळलं. भेग टाचेला पडते तशी गिलाव्यालाही पडते. तडा काचेला जातो आणि नात्याला. चीर उभी असते. सांध मुळातच असते, ती कुणाची चूक नसते. आणि खिंडार पडतं ते फक्त किल्ल्याला आणि राजकीय पक्षाला. खिंडार सोडून बाकी सगळं मला आमच्या घरात सापडलं. दाराची चौकट आणि भिंत यांच्यामधली सांध, कॉलम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथली उभी चीर, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली केसाएवढी भेग, बेसिनच्या मागची फट. जिथे दिसेल तिथे सिलिकॉन.

गन चालवायची एक खुबी असते, ती मला फार उशिरा कळली. दांडा दाबला की माल येतो, हे कुणालाही कळतं. दांडा सोडला तरी माल यायचा थांबत नाही, हे मात्र फरशीवर, विजारीवर आणि डाव्या चपलेवर पडल्यावर कळतं. मागची छोटी खिट्टी दाबून आतला दट्ट्या मोकळा करावा लागतो. सौ. दारात उभी राहून बघत होती. "चकलीच्या सोऱ्यासारखंच आहे," ती म्हणाली. "द्या इकडे." मी दिली नाही. दिली असती तर पुढचं बरंच टळलं असतं.

सगळ्यात शेवटी मी बाहेरून शिडी लावून पश्चिमेच्या खिडकीकडे वळलो. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीची ती चौकट, आणि तिच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाने तीन बारीक भोकं. करंगळीच्या नखाएवढी, एकसारखी, एकसारख्या अंतरावर. आता, एकसारख्या अंतरावर एकसारखी तीन भोकं आपोआप पडत नाहीत. बँकेत कुणाच्या खात्यात दर महिन्याच्या पाच तारखेला सारखीच रक्कम दिसली असती तर मी त्याला चूक म्हटलं नसतं. पण शिडीवर चढलेल्या माणसाची अक्कल पहिल्या पायरीवरच राहते. कारागिराचा हलगर्जीपणा म्हणून मी तिन्ही भोकं बुजवली, वरून ओलं बोट फिरवलं, खाली उतरलो, दोन पावलं मागे गेलो आणि माझं काम न्याहाळत उभा राहिलो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आडवा आला. काचेवरून ओघळलेलं पाणी खिडकीच्या खालच्या खाचेत साठलं. तिथून ते बाहेर पडायचं, नेमकं त्या तीन भोकांतून. ती बंद असल्यामुळे खाचेची नांद झाली. नांद भरल्यावर पाणी काय करणार? आतल्या कडेवरून उतरलं, खिडकीखालच्या गिलाव्यात शिरलं आणि डावीकडे, जिथे उतार मिळाला तिथे, बसलं. ससा, श्रीलंका वगैरे नंतरचं. मला वाटलं, आपलं सिलिकॉन कमी पडलं. जुलैत आणखी दोन नळ्या आणल्या.

दिवाळीच्या रंगासाठी पेंटर दसऱ्याला येऊन गेला. याच पट्ट्यातला, चाळिशीतला, फार न बोलणारा माणूस. त्याने रंगाचं कॅटलॉग काढलं नाही. आधी तो भिंतीवर बोटाची पेरं वाजवत फिरला, कलिंगड घेताना वाजवतात तसा. एका जागी थांबला. पुन्हा वाजवलं. "हितं पोकळ बोलतंय," म्हणाला. मग खिडकी उघडून बाहेर वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. दाताच्या डॉक्टरांकडे गेल्यावर ते तोंडात बघून "हे आधी कुणी केलं होतं?" असं विचारतात, त्या आवाजात त्याने विचारलं, "काका, ही भोकं कुणी बुजवली?"

"मोकळी होती," मी म्हणालो. "फट होती, म्हणून…"

"फट न्हाय काका ती. मोरी हाये."

खिशातून ब्लेड काढून त्याने पहिल्या भोकावरचं सिलिकॉन कापलं. आतून गढूळ हिरवट पाण्याची धार लागली. त्यात मेलेल्या मुंग्या होत्या, एक पिंपळाचं पान होतं आणि जूनपासूनचा वास होता. दुसरं भोक कापलं, तिसरं कापलं. सौ.ने चहा आणून ठेवला होता. त्याचा कप रिकामा होईपर्यंत थेंब पडतच होते. कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, हा भाग वेगळा.

संध्याकाळी सौ.ने तो विषय एका वाक्यात संपवला. "तुम्ही थालीपिठाला करंजी समजलात."

यावर मी नंतर बराच विचार केला. करंजीची कड आपण का मुडपतो? सारण आत राहावं, तेल आत जाऊ नये म्हणून. बोट दुधात बुडवून कडेवरून फिरवायचं, दोन कडा एकमेकींवर दाबायच्या, मग कातणं फिरवायचं किंवा मुरड घालायची. एक करंजी कढईत फुटली की सगळं तेल जळक्या खोबऱ्याने खराब होतं. तिथे फट म्हणजे फट, दया नाही. थालीपिठाला मात्र आपणच, मुद्दाम, मधोमध बोटाने भोक पाडतो, कडेने आणखी चार पाडतो, कारण तेल तिथूनच खाली उतरून पोचणार असतं. उद्या एखाद्या निवृत्त बँकवाल्याने ती भोकं पिठाने लिंपली तर खालची बाजू तव्याला चिकटेल आणि मधला भाग कच्चा राहील. तेव्हा घरात एखादी फट दिसली की गन उचलायच्या आधी विचारायचं ते एवढंच, ही करंजी आहे की थालीपीठ? बेसिनची कड, चौकटीची सांध, भिंतीतली चीर या करंज्या. खिडकीच्या खालची भोकं, संरक्षक भिंतीतून बाहेर डोकावणारे पाइपाचे तुकडे ही थालीपिठं.

आणि माठ? माठ तिसऱ्याच जातीचा. माझ्या एका आतेभावाने हौसेने घरच्या माठाला बाहेरून गेरू रंगाचा ऑइल पेंट दिला, वर पांढऱ्याने वारली नक्षी काढली. माठ इतका देखणा दिसायला लागला की पाहुणे त्याचे फोटो काढायचे. पाणी मात्र कोमट. माठ गार करतो तो पाझरतो म्हणूनच. बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येतं, वाऱ्याने उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. छिद्रं बुजवली की माठाचा हंडा होतो. आमच्या आजोळच्या वाड्याच्या भिंतींचंही असंच होतं. घाणीत मळलेल्या चुन्याचा गिलावा, वर्षाआड चुन्याचा हात. त्या भिंती पावसाळ्यात ओल घ्यायच्या आणि हिवाळ्यात सोडायच्या, कुणाला न सांगता. मामाने 'धुता येतो' म्हणून कमरेएवढा ऑइल पेंट लावला. चकचकीत, आंबा रंगाचा. ओल तर खालून जमिनीतून चढतच होती; तिची बाहेर पडायची वाट तेवढी बंद झाली. तीन वर्षांत रंगाला पापडाला येतात तसे फोड आले, आणि आम्ही पोरं दुपारी ते एकेक करून फोडायचो. तो आवाज फार छान यायचा. मामाला तसं वाटत नसे.

फटी बुजवण्याचं शास्त्र रंगाऱ्यांच्या आधी तांडेलांचं आणि जहाजं बांधणाऱ्या सुतारांचं. लाकडाच्या फळ्या कितीही घट्ट बसवल्या तरी उन्हात आक्रसतात, पाण्यात फुगतात. मधली सांध श्वास घेत राहते. म्हणून तिच्यात जे भरायचं ते मऊ हवं. कापसाच्या किंवा जुन्या दोराच्या धाग्याची वात बोथट छिन्नीने ठोकून बसवायची आणि वरून राळ, डामर, तेल. हे काम करणाऱ्या माणसाला पोर्तुगीज 'कालाफाते' म्हणत आणि गोव्याच्या गोदीत तो मानाचा कारागीर होता. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली. पुढे चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, इकडे खडकीला लढाई झाली आणि पेशवाईची उरलीसुरली फळीही निखळली. 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडात हार्टलपूलच्या धक्क्याला पाण्यावर उभी आहे, माणसं तिकीट काढून बघतात. सांधे कुणाचे नीट भरले होते आणि कुणाचे नाही, यावर मी पुण्यात राहून अधिक काही बोलत नाही.

आपल्याकडे फट बुजवल्याची सगळ्यात मोठी गोष्ट मात्र रायगडावरची. सांज झाली, दरवाजे बंद झाले, खाली घरी तान्हं लेकरू. हिरकणी गवळण कडा उतरून गेली. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी तिचा सन्मान केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधला, अशी आख्यायिका आहे. या गोष्टीतलं आईचं काळीज सगळे सांगतात, आणि सांगावंच. मला आताशा त्यातला दुरुस्तीखात्याचा भाग आवडतो. चोख गडालाही एक सांध राहून गेली होती, ती बांधणाऱ्यांना दिसली नाही, घाईत असलेल्या बाईला दिसली. आणि बुजवल्यावर त्या कामाला नाव दिलं ते गवंड्याचं नाही, सांध दाखवून देणारीचं. आमच्या खिडकीला त्या न्यायाने पेंटरचं नाव द्यायला हवं.

तर पेंटर. कामाला लागल्यावर त्याने सगळ्यात आधी माझं सगळं सिलिकॉन काढलं. का, ते त्याने बोलून दाखवलं नाही, करून दाखवलं. दाराच्या चौकटीला मी भरलेल्या पट्टीवर ब्रशने रंगाचा एक हात मारला. रंग तिथे बसलाच नाही. अळवाच्या पानावर पाणी गोळा होऊन पळतं तसा गोळा झाला आणि खाली उतरला. "सिलिकॉन काचेला, बेसिनला, वट्ट्याला," तो म्हणाला. "रंग मारायचाय तिथं ॲक्रिलिक." ॲक्रिलिकची नळी दिसायला तशीच, गन तीच, पण ती रंग धरते आणि सुकल्यावर थोडी ताणली जाते. सुकताना ती जरा आत बसते, म्हणून खोल फटीत आधी फोमची दोरी खुपसायची आणि मग वरून भरायची. सिलिकॉन काढायला त्याला दीड दिवस लागला. त्याने त्याची मजुरी वेगळी लावली. मी निमूट दिली.

कशानंतर काय, याचा त्याचा क्रम ठरलेला होता आणि तो मला सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखा वाटला. आधी पत्र्याने खरवडायचं, पोपडे काढायचे, काचपेपर मारायचा, धूळ झटकायची. मग प्रायमर. मी म्हटलं, आधी भेगा भरून घ्या ना. त्याने मान हलवली. प्रायमर मारल्याशिवाय भेगा खऱ्या दिसत नाहीत, म्हणाला. आणि खरंच, भिंत एकदा पांढरी झाल्यावर ज्या केसांएवढ्या रेषा वर आल्या त्या मी अडीच वर्षांत पाहिल्या नव्हत्या. शिवाय नुसत्या पिठूळ गिलाव्यापेक्षा प्रायमरवर भरलेला माल घट्ट धरतो. बारीक भेगांना त्याने लांबी भरली. लांबी हा त्याच्या वडिलांचा शब्द. ते खडूची पूड आणि बेलतेल मळून खिडकीच्या काचा बसवायचे. हा आता पुट्टीची पिशवी फोडतो, पण शब्द घरातला राहिला. रुंद भेगेला मात्र त्याने आधी आणखी रुंद केलं. छिन्नीने दोन्ही कडा इंग्रजी व्हीसारख्या उघडल्या, आतली माती ब्रशने काढली आणि मगच भरलं. सौ. म्हणाली, "वांग्याला भरताना चीर द्यावीच लागते." तो हसला. हे त्याचं आमच्या घरातलं पहिलं हसू.

कॉलमशेजारची उभी चीर तो पुट्टीने भरेना. सिमेंटचा कॉलम वेगळा, विटांची भिंत वेगळी. उन्हाळ्या-हिवाळ्यात दोघं आपापल्या परीने हलणार. मध्ये कडक काही भरलं की पुढच्या मेमध्ये ते पुन्हा उलणार. चौकटीचंही तेच. लाकूड पावसाळ्यात फुगतं, थंडीत आक्रसतं. श्रावणात दार लागत नाही म्हणून सुताराला बोलावून रंधा मारून घेणारी माणसं मला माहीत आहेत. जानेवारीत त्याच दारातून त्यांच्या घरात मांजर येतं. जिथे दोन वेगळ्या स्वभावाची माणसं, म्हणजे वस्तू, शेजारी आहेत तिथे मऊ माल. जिथे एकच वस्तू तडकली आहे तिथे कडक. हा नियम त्याने सांगितला तेव्हा सौ.ने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

दाराच्या चौकटीला गन त्याने नाही, सौ.ने चालवली. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने नळीचं टोक तिरकं कापलं, एका दमात, मनगट न हलवता, वरपासून खालपर्यंत एक धागा सोडला, खिट्टी दाबली, आणि वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून करंजीच्या कडेवरून फिरवतात तसं एकदाच फिरवलं. तो बघत होता. "काकू, येता का कामाला?" एवढंच म्हणाला.

खिडकीखालच्या बसायच्या पेटीची गंमत वेगळी. ती पाइनच्या फळ्यांची, फळ्यांना गाठी. दोन वर्षांपूर्वी मीच पांढरी रंगवली होती, आणि प्रत्येक गाठीच्या जागी पिवळट चट्टा वर आला होता. पुन्हा रंगवली, पुन्हा आला. गाठीतली राळ रंगाला भीत नाही. पेंटरने स्पिरिटमध्ये चपडी लाख विरघळवली आणि प्रत्येक गाठीवर फडक्याने दोन हात दिले, बाळाला काजळाचं बोट लावावं तेवढेच. मग प्रायमर, मग रंग. चट्टा बंद. पांडवांना जाळायला जी लाख वापरली ती आमच्याकडे नुसत्या गाठींचं तोंड बंद करण्यात खर्ची पडली.

राहिली पश्चिमेची भिंत. दिवाळीला अकरा दिवस होते. पेंटरने रंग, लांबी सगळं काढून डागाची जागा नुसत्या गिलाव्यापर्यंत उघडी केली, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा हातभर चौकोनी तुकडा ठेवला आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. "उद्या सकाळी बघा," म्हणून गेला. मी सकाळी सहाला उठून बघितलं. प्लास्टिकच्या आतल्या बाजूने, भिंतीकडून, थेंब धरले होते. ताटावर झाकण ठेवल्यावर वरणाची वाफ धरते तसे, बारीक, एकसारखे.

"न्हाय जमायचं," तो म्हणाला. "संक्रांतीला बघू."

इथे घरात खरी लढाई झाली. आपल्याकडे घर रंगवतात दिवाळीला, आणि मुळशीत पाऊस जातो जेमतेम दिवाळीच्या तोंडावर. म्हणजे चार महिने भिंतीने पाणी प्यायचं आणि तिची तहान उतरायच्या आत आपण तिच्यावर रंगाचं झाकण घालायचं. संक्रांतीपर्यंत फोड, शिमग्यापर्यंत पोपडे, मग 'हल्ली रंगच चांगले येत नाहीत' असं म्हणून नव्या कंपनीचा डबा. ओल्या भिंतीवर महागातला महाग सीलर दिला तरी तो ओल बाहेर ठेवत नाही, आत कोंडतो. हे सगळं मी पेंटरच्या बाजूने सांगून पाहिलं. सौ.ने विचारलं, "भाऊबीजेला दादा येणार. त्याला काय दाखवू, गिलावा?"

तह झाला तो असा: तीन भिंती रंगवायच्या, चौथी उघडी ठेवायची आणि तिच्यापुढे सौ.च्या जुन्या नारायणपेठी साडीचा पडदा सोडायचा. पेंटरची अट, पडदा भिंतीला टेकता कामा नये, मागून वारा खेळला पाहिजे. दिवाळीत आलेल्या प्रत्येकाने त्या भिंतीची तारीफ केली. एका तरुण शेजाऱ्याने तर ही कल्पना कुठल्या डिझायनरची, असं विचारलं. भाऊबीजेला मेहुणे आले, त्यांनी ताट समोर असताना साडीचं टोक उचललं, मागे पाहिलं आणि खऱ्या काळजीने म्हणाले, "अरे, श्रीलंका कुठे गेली?"

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात प्लास्टिक कोरडं निघालं. दोन रात्री ठेवून पाहिलं, थेंब नाही. मग त्या भिंतीवर प्रायमर, लांबी, पुन्हा प्रायमर आणि रंगाचे दोन हात, चार दिवसांत, विनातक्रार. साडी पुन्हा कपाटात गेली. आता त्या कोपऱ्यात ऊन पडलं तरी डाग दिसत नाही. नात येते आणि ससा कुठे बसायचा ते बोटाने दाखवते, तेवढंच.

मे महिन्यात मी खिडकीची ती तीन भोकं साफ करायला शिडीवर चढलो, या वेळी हातात खराट्याची काडी. दोन भोकं मोकळी होती. तिसरं बंद. काडी टोचणार तेवढ्यात थांबलो. सिलिकॉन नव्हतं ते. तांबडी माती होती, गुळगुळीत, जरा बाहेरून फुगीर, कडेला बोटाच्या ठशासारखी बारीक वळणं. दुपारी ती आली, बारीक कमरेची, काळी-पिवळी कुंभारीण माशी, तोंडात ओल्या मातीची गोळी घेऊन. बुजवलेल्या भोकावर फिरली, एका ठिकाणी थोडी माती लावली, पुन्हा फिरून पाहिलं आणि गेली. आत तिने अळ्या भरून ठेवल्या असणार, सुन्न केलेल्या, आणि त्यांच्यात एक अंडं. पिल्लू मोठं झालं की माती कुरतडून आपलं आपण बाहेर येतं. मी काडी खिशात ठेवून खाली उतरलो.

जूनमध्ये पाऊस आला, नेहमीसारखा आडवा. आम्ही दोघं छत्री घेऊन बाहेर उभे राहून बघत होतो. खिडकीच्या खालून दोन धारा पडत होत्या.

"तिसरं परत बुजवलंत?" सौ.चा आवाज चढला.

"मी नाही. भाडेकरू आहे तिथे."

तिने माझ्या हातातली टॉर्च घेतली, टाचा उंचावल्या आणि त्या मातीच्या बुचावर प्रकाश धरून बराच वेळ बघत राहिली.

"तुमच्यापेक्षा साफ लावलंय हो हिने," ती म्हणाली.